चार की पाच

तेओफिलच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय,
पानांच्या जागी त्याला हिरवा धूर दिसतो.
तरी वूच शहराच्या कडेला, रुळांपलीकडच्या आमच्या बागतुकड्यांत
कुणाचं अडलं की त्यालाच हाक.
चाळीस वर्षं गिरणीत कापड तपासलं त्यानं,
बोटांना अजून सूत कळतं.

मी सत्तेचाळीस नंबर घेतला मार्चमध्ये, चिखलासकट.
आधीच्या मालकानं किल्ली दिली, गंजलेलं फावडं दिलं,
कुठे काय लावलंय ते सांगितलं नाही.
एप्रिलमध्ये सगळीकडून काहीबाही वर आलं
आणि मला एकाचंही नाव येईना.

तेओफिल गुडघ्यांवर बसला.
"देठ बोटांत फिरव. चौकोनी लागतो? पुदिन्याच्या घरातलं.
बिनबुडाची बादली पूर, तिच्यात लाव,
नाहीतर जूनपर्यंत तुझ्या खुर्चीखाली येईल.

हे चुरगाळ. सूपचा वास? लुबचिक.
एकच ठेव, साऱ्या गल्लीला पुरतं.

हे लांब, लाटालाटांचं पान म्हणजे ह्शान. मूळ तिखट असतं.
कुदळ लावू नकोस,
जितके तुकडे करशील तितकी झाडं होतील.
माझा मेहुणा तसाच आहे."

मग थांबून:
"टोमॅटो पंधरा मेपर्यंत घरात.
सोफियाचा दिवस जाऊ दे. ती थंडी घेऊन येते.
दरवर्षी नाही.
ज्या वर्षी तू विसरशील त्या वर्षी."

शेडच्या सावलीत एक होतं,
जमिनीला चिकटलेलं, भाल्यासारखी पानं गोल मांडून.
त्यानं पान चाचपलं. लव होती, खरखरीत.
चुरगाळलं, हुंगलं.
जिभेला लावलं नाही, अनोळखी पान तो कधीच लावत नाही.
"माहीत नाही," म्हणाला.
पलीकडच्या झेनोबियाच्या हातातली झारी तशीच राहिली.

"उपटू?"
"नाव कळेपर्यंत उपटू नये. एक फुलोरा होऊ दे.
शेजारी काठी रोव,
नाहीतर बर्फ वितळल्यावर तूच त्याच्यावर फावडं घालशील."

काठी वर्षभर राहिली. तिच्यावर मी हातमोजे वाळवले.
पुढच्या मेअखेरीस ते कमरेएवढं झालं,
जांभळट पांढरी फुलं.

"फ्लॉक्स," तेओफिल दुरूनच म्हणाला, "पाकळ्या मोज."
"चार."
"पाच असतील. नीट मोज."
"चारच."
"पानं समोरासमोर?"
"एकाआड एक."
"मग फ्लॉक्स नाही." नाक खुपसलं. कसलाच वास नाही.
तो गप्प झाला, टोपी घातली, चारची ट्राम धरली.
रोज हीच ट्राम. अंधार पडायला लागला
की तो हिरवा धूरही जातो.

त्या दिवशी मी उशिरापर्यंत थांबले,
कोबीवरच्या गोगलगाई रात्रीच सापडतात,
विजेरी हवी, आणि मिठाच्या पाण्याची बादली.
साडेनऊला उजेड सरला
आणि शेडकडून लवंगेचा वास आला,
इतका की कुणीतरी मागे उभं आहे असं वाटून वळले.

एक देठ कापला, लोणच्याच्या बरणीत ठेवला,
ट्राममधले लोक माझ्याकडे बघत होते.
तिसरा मजला. तेओफिलनं पायजम्यातच दार उघडलं,
मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,
"वियेचोर्निक."
संध्याकाळवाला.

बरणी टेबलावर ठेवली आम्ही, दिवा लावला नाही.
"अठ्ठावीस वर्षं त्या बागेत," तो म्हणाला,
"आणि मी रोज चारला निघत होतो."

बराच वेळ किटलीचाच आवाज.
मग त्याचा नेहमीचा सूर:
"दोनच वर्षं जगतं. सगळं कापू नकोस,
शेंगा पिवळ्या होऊ दे, बी आपलं आपण पडेल.
काठी मात्र काढ आता.
गोगलगाई किती मिळाल्या?"

मोजल्या नव्हत्या.
बादली तिथेच राहिली होती.